भुईकोटाला काम हवे

दिवाळीच्या आधी आठवडाभर बेळगावात टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव या भागांतल्या गल्ल्यांत मातीचे किल्ले उभे राहू लागतात. खाली दगड-विटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर कालवलेल्या लाल मातीचा लेप, उतारावर मोहरी पेरून आणलेली हिरवळ आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज. राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा हे नेहमीचे मानकरी. मुले पुस्तकांतले नकाशे पाहून बुरूज मोजतात, चोरवाटा दाखवतात, पाहायला येणाऱ्यांना माहिती सांगतात. बेळगावातली ही प्रथा कौतुकाचीच आहे. मात्र या किल्ल्यांत डोंगरी गडच अधिक दिसतात. टिळकवाडीतून सायकलवर सहज गाठता येणारा बेळगावचा स्वतःचा भुईकोट किल्ला त्यांत क्वचितच असतो. यात मुलांचा दोष नाही. मराठी मनाने किल्ला म्हटला की सह्याद्रीचा कडा डोळ्यांपुढे आणायचा, ही सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची. सुट्टी मिळाली की बेळगावची तरुण मंडळी राजहंसगडावर जातात, नाहीतर चंदगडच्या बाजूला महिपाळगड, कलानिधीगड, गंधर्वगड करतात. शहरातल्या किल्ल्यात जायचे ते दारातल्या दुर्गादेवीच्या दर्शनाला, परगावच्या पाहुण्यांना कमल बस्ती हे जैन देऊळ दाखवायला किंवा रामकृष्ण मिशनच्या आश्रमात. म्हणजे किल्ल्यात जाणे होते, पण किल्ल्यासाठी जाणे होत नाही.

भुईकोटाकडे गडाच्या नजरेने पाहिले की तो फिका पडतो. चढण नाही, कडा नाही, दोर लावून वर चढलेल्या मावळ्यांची गोष्ट नाही. पण गड हे लढाईचे ठिकाण असेल, तर भुईकोट हे कारभाराचे ठिकाण असते. तिथे वसूल जमा होतो, न्यायनिवाडा होतो, पेठेचा माल येतो-जातो, देवळाला दाने मिळतात, कारकून लिहीत बसतात. गडाची गोष्ट चार-सहा दिवसांत घडते आणि शतकानुशतके सांगितली जाते. भुईकोटाची गोष्ट शतकानुशतके घडत असते आणि तिच्यातला कुठलाही एक दिवस सांगण्यासारखा वाटत नाही. बेळगावच्या किल्ल्याबद्दल जे म्हणायचे आहे ते इथूनच सुरू होते. हा किल्ला सुमारे आठशे वर्षे टिकला तो तटाच्या जाडीमुळे नव्हे, खंदकाच्या खोलीमुळेही नव्हे. प्रत्येक काळात कोणाचे ना कोणाचे रोजचे काम त्या तटाआत होते, म्हणून तो टिकला. आज तिथे फौजेला काम आहे, भाविकांना आहे, आश्रमाला आहे. ज्या शहराचे नाव तो किल्ला सांगतो, त्या शहरालाच तिथे काम उरलेले नाही. ते त्याला मिळाले पाहिजे.

पुराव्याकडे वळू. सौंदत्तीहून राज्य करणाऱ्या रट्ट घराण्याने तेराव्या शतकाच्या आरंभी आपली राजधानी वेणुग्रामला, म्हणजे आजच्या बेळगावला आणली. चौथा कार्तवीर्य या रट्ट राजाचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास इथे एक जिनालय उभारले, आणि किल्ल्याची मुहूर्तमेढही त्याच काळातली मानतात. या जिनालयाला दिलेल्या दानांचे शके ११२७ चे दोन शिलालेख बेळगावात होते. पुढे ते लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. हे लेख कानडीत आहेत. युद्धाच्या वर्णनापेक्षा त्यांत व्यवहार अधिक भरलेला आहे: कोणती जमीन दिली, कोणत्या आचार्यांच्या स्वाधीन केली, व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर देवळासाठी काय द्यायचे ठरवले. बेळगावच्या किल्ल्याचा सर्वांत जुना आवाज असा पेठेतला आहे. याच काळातली कमल बस्ती आजही उभी आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिच्या मंडपात मध्यभागी उभे राहून मान वर केली, की छताच्या घुमटातून खाली झुकलेले दगडी कमळ दिसते. पाकळ्यांचे थर एकावर एक असे उतरत येतात की एवढा दगड वर लोंबतो आहे यावर क्षणभर विश्वास बसत नाही. खालचे खांब लेथवर फिरवल्यासारखे गुळगुळीत, गोल कंगोऱ्यांचे आणि चकचकीत आहेत. ते पाहणाऱ्याचे रूप त्यांत धूसर उमटते. जवळच दुसरी, मोडकळलेली चिक्की बस्ती आहे.

रट्टांनंतर देवगिरीचे यादव आले. त्यानंतर सत्तांची बरीच उलथापालथ झाली आणि पंधराव्या शतकात किल्ला विजयनगरकडे होता. १४७२-७३ मध्ये बहामनी वजीर महमूद गवानने तो घेतला. तटाखाली सुरुंग लावल्याची हकीगत फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवली आहे. दख्खनेत किल्ल्याच्या तटाला दारूचे सुरुंग लावल्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रसंगांत ती मोडते, म्हणून लढाईच्या इतिहासातही बेळगावला जागा आहेच. पण त्याहून बोलकी आहे ती पुढची शंभर वर्षे. आदिलशाहीत बेळगाव ही असदखान लारी या मातब्बर सरदाराची जहागीर होती. किल्ल्यातली सफा मशीद १५१९ सालची. तिच्या खांबांपैकी काही जुन्या देवळांतले आहेत आणि त्यांच्यावर रट्ट व यादव काळातली नागरी अक्षरे आजही वाचता येतात. मोगल आले, मग पेशवाईचा अंमल आला. १८१८ मध्ये जनरल थॉमस मन्रोने किल्ल्याला वेढा घातला. आतली शिबंदी तीन आठवडे लढली आणि मग किल्ला कंपनीकडे गेला. १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा करून बेळगाव जिल्हा झाला, पश्चिमेला कॅम्प वाढला आणि किल्ला कंपनीच्या व नंतर राणीच्या सरकारचा झाला. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले. पहिले दोन-तीन दिवस ते रिसालदार गल्लीत वकील भाटे यांच्याकडे उतरले आणि मग किल्ल्यात, हरिपद मित्र या वन अधिकाऱ्यांच्या बंगल्यात राहिले. त्या बंगल्यात आता रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. त्या काळी किल्ल्यात फौजेबरोबर मुलकी अधिकारीही राहत होते, याचा हा बोलका दाखला आहे.

या क्रमात एक गोष्ट ठळक दिसते. सत्ता बदलली, धर्म बदलला, कारभाराची भाषा बदलली, पण किल्ला कधीही ओस पडला नाही. जो आला त्याने आधीच्याचे काही मोडले, काही वापरले, आणि स्वतःचे काम मांडले. शेजारच्या निपाणीकडे पाहिले म्हणजे याची दुसरी बाजू कळते. निपाणकर देसायांची, अप्पासाहेबांची, निपाणी पेशवाईच्या उत्तरार्धात दबदबा असलेली जागा होती आणि तिथला भुईकोट बेळगावपेक्षा कितीतरी तरुण होता. इंग्रजांनी संस्थान खालसा केले, १८४० च्या दशकात तट पाडला आणि निपाणी पुढे तंबाखूच्या वखारींचे गाव म्हणून वाढली. वाडा आणि आठवणी राहिल्या, किल्ला राहिला नाही. तो कमजोर होता म्हणून नव्हे. नव्या मालकाला त्याच्यात काम नव्हते, उलट त्याची भीती होती. बेळगावच्या किल्ल्यात मात्र त्याच मालकाने आपली माणसे ठेवली, म्हणून खंदक बुजला नाही आणि तटाचे दगड कोणाच्या जोत्यात गेले नाहीत. अहिल्यानगरचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा भुईकोट असाच फौजेच्या हाती राहून शाबूत राहिला. १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू तिथे कैदेत होते आणि त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिले.

हा नियम फक्त आपल्याकडचा असता तर त्याला योगायोग म्हणता आले असते. पण पॅरिसच्या पश्चिमेला सुमारे वीस किलोमीटरवर, सीन नदीच्या वळणावर सें-जर्में-आं-ले नावाचे उपनगर आहे. तिथल्या किल्ल्याची गोष्ट बेळगावकराने आवर्जून वाचावी अशी आहे, कारण त्या एका गावात दोन किल्ले होते आणि दोघांचे नशीब निरनिराळे निघाले. जुना किल्ला बाराव्या शतकात सहाव्या लुईने बांधला. संत म्हणून पूजल्या गेलेल्या नवव्या लुईने १२३८ च्या सुमारास त्यात प्रार्थनामंदिर उभारले. ते आजही आहे, म्हणजे आपली कमल बस्ती त्याच्याहून तीसेक वर्षांनी वडील. इंग्रजांच्या फौजेने १३४६ मध्ये तो किल्ला जाळला, पाचव्या शार्लने तो पुन्हा बांधला, आणि १५३९ पासून पहिल्या फ्रान्स्वाने त्याला आजचे रूप दिले. दुसरा आंरी त्याच किल्ल्यात १५१९ मध्ये जन्मला, बेळगावात सफा मशीद उभी राहिली त्याच साली. याच आंरीने नंतर शेजारी, नदीकडे उतरणाऱ्या टेकडीच्या कडेला, नव्या वाड्याचे काम सुरू केले आणि चौथ्या आंरीने तो वैभवाला नेला. पायऱ्यापायऱ्यांच्या बागा थेट सीनपर्यंत उतरत होत्या आणि गुहांमध्ये पाण्याच्या जोरावर हलणाऱ्या मूर्ती होत्या. चौदावा लुई, ज्याला फ्रेंच सूर्यराजा म्हणतात, तो १६३८ मध्ये या नव्या वाड्यातच जन्मला. सौंदर्याच्या हिशेबाने पाहिले तर नवा वाडा जुन्याहून कितीतरी वरचढ होता.

१६८२ मध्ये लुईने दरबार व्हर्सायला हलवला आणि सें-जर्में रिकामे झाले. जुन्या किल्ल्याला लगेच बिऱ्हाड मिळाले. इंग्लंडचे राज्य गमावलेला दुसरा जेम्स आपल्या परिवारासह तिथे आश्रयाला आला आणि १७०१ मध्ये तिथेच वारला. त्याच्याबरोबर आलेले लोक पुढेही बराच काळ तिथे राहिले. नवा वाडा मात्र राजघराण्याचा आवडता असूनही कोणाच्याच रोजच्या उपयोगाचा उरला नाही. १७७७ मध्ये तो राजाच्या धाकट्या भावाला, आर्त्वाच्या काउंटला मिळाला. अधिक देखणा बांधायचा म्हणून त्याने तो पाडायला घेतला. पैसे अडले, मग राज्यक्रांती झाली, आणि बांधकाम झालेच नाही. सूर्यराजाच्या जन्मस्थानातले फारसे काही शिल्लक नाही. उरलेल्या एका मंडपात हॉटेल आहे. जुन्या किल्ल्याला क्रांतीनंतर नेपोलियनने १८०९ मध्ये घोडदळाच्या अधिकाऱ्यांची शाळा दिली. पुढे १८३६ ते १८५५ पर्यंत तो लष्करी तुरुंग होता. राजे ज्या दालनांत जन्मले तिथे कैद्यांच्या कोठड्या पाडल्या गेल्या. फ्रान्सच्या इतिहासप्रेमींना ती विटंबना वाटली असणार. तरी पण तुरुंगाला छप्पर लागते, भिंती लागतात, पहारा लागतो. तुरुंगाने त्या किल्ल्याला अपमानित केले आणि वाचवलेही. १८६२ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने तिथे देशाच्या पुरातन वस्तूंचे संग्रहालय करायचे ठरवले, १८६७ मध्ये त्याची पहिली दालने उघडली, आणि आज ते फ्रान्सचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. जवळपास पंचवीस हजार वर्षांपूर्वी हस्तिदंतात कोरलेले एका स्त्रीचे मस्तक तिथे आहे. ते बोटाच्या दोन पेरांएवढेही नाही, पण त्यावरच्या केसांची किंवा शिरोवस्त्राची जाळी एकेका रेघेने काढलेली आहे.

त्या गावाचा आणखी एक धागा आपल्याशी जुळतो. फ्रान्समध्ये केवळ उतारूंसाठी म्हणून टाकलेला पहिला लोहमार्ग पॅरिसहून याच गावाच्या पायथ्याशी १८३७ मध्ये आला. दहा वर्षांनी गाडी टेकडीवर गावात पोचली आणि राजांचे गाव पॅरिसचे उपनगर झाले. किल्ल्यासमोर स्टेशन झाले, स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर किल्ला राहिला. बेळगावात रूळ आले ते एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस, सदर्न मराठा रेल्वेचे. पण इथे उलट घडले. रेल्वेने शहराला किल्ल्यापासून दूर, दक्षिणेला ओढले. रुळांच्या आजूबाजूला टिळकवाडी वाढली. पहिले, दुसरे, तिसरे गेट ही आजही तिथले पत्ते सांगायची खूण आहे. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगावात केली. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालचे काँग्रेसचे अधिवेशन भरले ते टिळकवाडीतल्या मोकळ्या रानात, गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने. त्यासाठी खणलेली विहीर काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते, शेजारी वीर सौध आहे आणि रस्ता काँग्रेस रोड. शंभर वर्षांनी, २०२४ मध्ये, त्या अधिवेशनाची शताब्दी देशपातळीवर पाळली गेली. टिळकवाडीला असा स्वतःचा इतिहास मिळाला, शाळा-कॉलेजे मिळाली, पेठ मिळाली, आणि उत्तरेकडचा किल्ला हळूहळू शहराच्या एका टोकाला पडला. आजचा मराठी बेळगावकर दक्षिण भागात राहतो, तिथेच शिकतो, तिथेच व्यापार करतो. किल्ला त्याच्या दिनक्रमात कुठेच येत नाही.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की वापरानेच तर नुकसान केले. किल्ल्यात शंभरावर जैन देवळे होती आणि त्यांचे दगड तटात गेले, असे बेळगावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आकडा सोडून देऊ, पण देवळांचे खांब मशिदीत आहेत हे डोळ्यांना दिसते. सें-जर्मेंमध्येही तसेच झाले. संग्रहालय करताना वास्तुविशारद मिये याने किल्ल्याला पहिल्या फ्रान्स्वाच्या काळचे रूप द्यायचे ठरवले आणि सतराव्या शतकात जोडलेले कोपऱ्यांवरचे मंडप पाडून टाकले. इतिहास जपण्यासाठी इतिहासाचाच एक थर त्याने काढून टाकला. हे खरे आहे आणि दुखवणारे आहे. पण वापरातून झालेले नुकसान आपल्यामागे पुरावा ठेवते. सफा मशिदीच्या खांबावरची नागरी अक्षरे वाचता येतात, कारण तो खांब छताखाली, उपयोगात राहिला. ओसाड पडलेल्या देवळाचा खांब कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या विहिरीच्या काठाला लागतो आणि त्याची वाच्यताही होत नाही. शिवाय आपल्याला आज निवड करायची आहे ती सोळाव्या शतकातल्या सत्ताधाऱ्यांच्या पद्धतीने नव्हे. कायदा आहे, पुरातत्त्व खाते आहे, आणि एकाही दगडाला धक्का न लावता वापर कसा करायचा याचे शास्त्र आहे.

दुसरा आक्षेप फौजेचा. बेळगावकरांचे मराठा लाइट इन्फंट्रीशी नाते जिव्हाळ्याचे आहे. १९२२ पासून रेजिमेंटचे केंद्र इथे आहे आणि सीमाभागातल्या, कोल्हापूर-सातारच्या किती घरांतले पोरगे बेळगावात शपथ घेऊन जवान झाले याची गणती नाही. किल्ल्यातली बरीचशी जागा लष्कराच्या ताब्यात आहे म्हणूनच तिथे चाळी चढल्या नाहीत, हे मान्य करायलाच हवे. मग नागरिकांना आत आणा म्हणणे म्हणजे त्या शिस्तीला सुरुंग लावणे नाही का? नाही, कारण हे दोन्ही एकत्र नांदू शकते हे पॅरिसच्याच दुसऱ्या टोकाला, व्हॅंसेनच्या किल्ल्यात दिसते. चौदाव्या शतकातला उंच बालेकिल्ला असलेला हा किल्लाही उपनगरात आहे. फ्रेंच सैन्याचा ऐतिहासिक दफ्तरखाना त्यातच आहे. तिथे एकीकडे गणवेशातले लोक काम करतात, दुसरीकडे अभ्यासक कागद चाळतात, तिसरीकडे शाळेची मुले जिने चढतात. मेट्रोच्या एका मार्गाचे शेवटचे स्थानकच किल्ल्याच्या नावाचे आहे. फौजेने किल्ला सोडावा असे कोणी म्हणत नाही. एका ठरलेल्या इमारतीपर्यंत, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळेत नागरिकांची ये-जा व्हावी एवढेच मागणे आहे, आणि भाविकांच्या बाबतीत ती आजही होतेच आहे. उलट रेजिमेंटची गोष्ट किल्ल्यात सांगितली गेली तर ती सांगायला बेळगावात याहून योग्य जागा नाही.

तिसरा आक्षेप बेळगावात राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतो. सीमावाद. किल्ला कोणाचा म्हणून दाखवायचा? रट्ट कानडी, यादव मराठीचे पोशिंदे, असदखान आदिलशाहीचा, शेवटचा देशी अंमल पेशव्यांचा. फलकाची भाषा कोणती, पहिले चित्र कोणाचे, यावरून रान पेटायला वेळ लागणार नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण हे दुःख उराशी घेऊन जगतो आहोत आणि मराठी माणसाची भाषेची, शाळेची, कागदपत्रांची तक्रार खरी आहे. ती बाजूला ठेवा असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण त्या तक्रारीच्या पायी आपण किल्ल्याचा अभ्यासच सोडून दिला, तर तोटा कोणाचा? रट्ट राजे स्वतःला लत्तलूरपुरवराधीश्वर म्हणवत. अभ्यासक ते लत्तलूर म्हणजे मराठवाड्यातले आजचे लातूर मानतात. म्हणजे कानडीत शिलालेख खोदवणारे राजघराणे अभिमानाने आपले मूळ लातूरला सांगत होते. मशिदीच्या खांबावर नागरी, बस्तीच्या दानपत्रात कानडी, मशिदीच्या लेखात फारसी, पेशव्यांच्या दफ्तरात मोडीतली मराठी. ही सगळी साक्ष एकाच किल्ल्याची आहे. ती कोणत्याच बाजूला पूर्ण सोयीची नाही, म्हणूनच ती मांडण्यालायक आहे. मराठी अभ्यासकाने ती मांडली तर आपला दावा दुबळा होत नाही. पुराव्याला न घाबरणाऱ्या माणसाचा दावा ऐकून घेतला जातो. आणि आपण मांडली नाही, तर दुसरे कोणी त्यांना हवी तेवढीच मांडतील.

पैशाचा आक्षेप मी फार मोठा मानत नाही. किल्ल्याच्या तलावाकाठी ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ २०१८ मध्ये उभा राहिला. शहराला किल्ल्याच्या बाहेर खर्च करता येतो, तर आतही करता येईल. फक्त खर्च उंचीवर करायचा की आशयावर, हे ठरवावे लागेल.

आता आशय. सें-जर्मेंचा किल्ला वाचला तो देशभरच्या उत्खननातल्या वस्तूंनी. बेळगावकडे असे काय आहे? फार दूर जायला नको. टिळकवाडीच्या अगदी शेजारी, वडगाव-माधवपूरला, १९७० च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्खनन केले. किल्ल्याला हजार-बाराशे वर्षे बाकी असताना, सातवाहनांच्या काळात, तिथे एक भरभराटीची वस्ती नांदत होती असे त्यातून पुढे आले. ब्राह्मी अक्षरे कोरलेला एक स्तंभही तिथला आहे. ज्या जमिनीवर आज हातमाग-यंत्रमागांचा आवाज घुमतो आणि भाजीचे मळे होते तिथे प्लॉट पडताहेत, तिच्याखाली बेळगावचे सर्वांत जुने गाव आहे. वडगावातल्या किती घरांत हे ठाऊक असेल? शाळेतल्या मुलाला मोहेंजोदडो माहीत असते, पण स्वतःच्या गल्लीखालचे गाव माहीत नसते. ही दक्षिणेकडची वस्ती आणि उत्तरेकडचा किल्ला यांची गाठ एका दालनात घालून देता आली, तर टिळकवाडी-वडगावच्या माणसाला किल्ल्यात जायचे कारण मिळेल, कारण तिथे त्याच्याच अंगणातली गोष्ट असेल.

त्याच्या जोडीला ब्रिटिश म्युझियममधल्या दोन शिलालेखांचे ठसे आणि त्यांचे कानडी, मराठी, इंग्रजी वाचन ठेवता येईल. मूळ परत येईल तेव्हा येईल. शिलालेखांच्या जोडीला कागदही आहेत. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगावच्या किल्ल्यावर एका सरकारचा अंमल आणि हाकेच्या अंतरावरच्या शहापूरच्या बाजारपेठेवर दुसऱ्याचा, या विचित्र व्यवस्थेत सराफ, विणकर, दलाल कसे वागत, जकात कुठे भरत, हे सांगणारी कागदपत्रे जुन्या घराण्यांच्या पेट्यांत असणारच. मोडी वाचणारी पिढी सरत चालली आहे आणि दर पावसाळ्यात अशा पेट्यांना कसर लागते. किल्ल्यात एक दफ्तरखाना असता, जिथे कागद नेऊन दिले की त्यांचे छायाचित्र घेऊन मूळ परत मिळेल, तर किती घरे पुढे आली असती. १९२४ च्या अधिवेशनाचे साहित्य, होमरूलच्या सभांची पत्रके, भाटे यांच्या घरच्या विवेकानंदांच्या आठवणी, रेजिमेंटच्या जवानांची घरी आलेली पत्रे, यांतली प्रत्येक गोष्ट बेळगावातल्या कोणत्या ना कोणत्या मोहल्ल्याला किल्ल्याशी जोडते. संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटात तलवार आणि खाली धूळ, ही आपल्याकडची समजूत सोडावी लागेल. इथे तलवारींपेक्षा हिशेबाच्या वह्या अधिक असतील आणि त्याच भुईकोटाच्या स्वभावाला शोभतील.

सुरुवात अगदी लहान करता येते. किल्ल्यातली एक रिकामी किंवा कमी वापराची इमारत ठरवायची. लष्कर, पुरातत्त्व खाते आणि महानगरपालिका यांच्यात तिच्या वापराचा करार करायचा. पहिल्या वर्षी फक्त दोन गोष्टी: वडगाव-माधवपूरच्या उत्खननाचे दालन आणि कागदांचे छायाचित्रण करणारी एक खोली. मोडी, हळेकन्नड म्हणजे जुनी कानडी आणि फारसी वाचणारे तिघे जण तिथे बसावेत, त्यांना पगार असावा, आणि शहापूर-टिळकवाडीतल्या हायस्कुलांची नववीची मुले आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे शिकायला जावीत. दिवाळीच्या किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनीही यात उतरावे. त्यांच्याकडे नकाशे काढणारी, माप घेणारी, माहिती तोंडपाठ सांगणारी पोरे तयारच आहेत. किल्ल्याचा तट, खंदक, बुरूज आणि दरवाजे यांची मोजणी करून नकाशा करण्याचे काम लष्कराच्या परवानगीने त्यांच्याकडे सोपवले, तर त्यांना खरा बुरूज हाताने मोजता येईल आणि शहराला आपल्याच मुलांनी केलेला किल्ल्याचा नकाशा मिळेल. परवानगीचा अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा, हे शोधण्यापासून हे काम सुरू होते, आणि त्यासाठी कुठल्याही सरकारच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही.